राणीभोवतीचे सहा

कॅरमचा डाव मांडताना आपण सगळे एकच आकृती करतो. मध्ये लाल राणी, तिला चिकटून सहा सोंगट्या आणि त्यांच्याभोवती आणखी बारा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी मिळून 19 होतात, आणि 1 + 6 + 12 यांची बेरीजही 19च. हा हिशेब छान जमलाय खरा, पण त्यातला सहाचा आकडा खेळाचे नियम करणाऱ्यांनी ठरवलेला नाही. सारख्या आकाराच्या गोल चकत्या एका चकतीभोवती लावत गेलात तर सहाच बसतात. पाच लावल्या तर फट उरते आणि सातवी मावत नाही. पाचशे सोंगट्या आणून हीच आकृती वाढवत नेली, तरी आतल्या प्रत्येक सोंगटीला सहाच शेजारी मिळतील. टेबलाचा सुमारे 90.7 टक्के भाग झाकला जाईल. सारख्या चकत्यांची याहून दाट रचना एका थरात करताच येत नाही.

आता उलटा विचार करू. या पाचशे सोंगट्यांना थोडी मोकळी जागा दिली आणि टेबल सतत हलवत राहिलो, तर कधीतरी ही रचना विस्कटेल. नेमकी कधी आणि कशी? सगळ्या सोंगट्या एकदम सैरावैरा होतील, की कुठल्या तरी एका जागेपासून सुरुवात होईल?

बर्फाचं पाणी होतं तेव्हा तीन मितींमध्ये असंच काहीतरी घडतं. दोन मितींमध्ये, म्हणजे एकाच थरात, वितळणं कसं होतं हा प्रश्न शास्त्रज्ञांना अनेक दशकं पुरला. घनपदार्थ मुळात घट्ट का असतो, हा त्याचाच सख्खा भाऊ म्हणावा असा प्रश्न. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या हैदराबादेत, गोपनपल्लीत तयार झाला. या वेळच्या लेखात तीच गोष्ट सांगणार आहे.

एका थरातलं कोडं

घनपदार्थात कण ओळीने आपापल्या जागी असतात आणि उष्णतेमुळे जागच्या जागी थरथरतात, हे आपण शाळेत शिकलो. 1930च्या दशकात रुडॉल्फ पायर्ल्स आणि लेव्ह लँडाऊ यांनी दाखवलं की एका थरात ही थरथर साठत जाते. प्रत्येक कण शेजाऱ्याच्या मानाने जरासाच हललेला असतो. पण शेजाऱ्याचा शेजारी, मग त्याचा शेजारी असं करत लांब गेलं की त्या जराशा फरकांची बेरीज वाढतच राहते. अतिशय सावकाश वाढते, पण थांबत नाही. त्यामुळे खूप लांबचा कण नेमका कुठे असेल, हे इथून ओळी मोजून सांगता येत नाही. तीन मितींमध्ये वरून-खालूनही शेजाऱ्यांचा आधार असतो, म्हणून ही बेरीज आटोक्यात राहते.

1968 मध्ये डेव्हिड मर्मिन यांनी हे गणिताने पक्कं केलं. त्याच निबंधात त्यांनी एक बारकावाही नोंदवला : लांबवर जागा पक्की राहिली नाही, तरी दिशा पक्की राहू शकते. म्हणजे दूरच्या कणाची जागा सांगता येणार नाही, पण त्याच्याभोवतीचे सहा शेजारी कुठल्या दिशांना असतील हे सांगता येईल. हा बारकावा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

थोडक्यात, एका थरातला अगदी काटेकोर स्फटिक असूच शकत नाही, असं गणित सांगत होतं. संगणक मात्र काही वेगळंच दाखवत होता.

चकत्यांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम

1953 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथे मॅनिअ‍ॅक नावाच्या संगणकावर एक प्रोग्रॅम चालवला गेला. निकोलस मेट्रोपोलिस, अरिआना आणि मार्शल रोझेनब्लूथ, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर ही त्या निबंधावरची पाच नावं. त्यांनी अभ्यासाला घेतल्या होत्या एका थरातल्या 224 कडक गोल चकत्या, म्हणजे जवळजवळ आपल्या सोंगट्याच. मॅनिअ‍ॅकसाठी प्रोग्रॅम लिहिला अरिआना रोझेनब्लूथ यांनी. वयाच्या एकविसाव्या वर्षी हार्वर्डची पीएचडी मिळवलेल्या या बाईंचं नाव मेट्रोपोलिसच्या नावामागे बराच काळ झाकलं गेलं.

पद्धत इतकी साधी आहे की ऐकून हसू येईल. कुठलीही एक चकती निवडा. ती कुठल्या तरी दिशेला जराशी सरकवा. दुसऱ्या चकतीवर चढली तर परत जागेवर ठेवा, नाही चढली तर नव्या जागी राहू द्या. हे लाखो वेळा करा. कॉलेजात पायथॉन शिकणारी तुमच्यातली कुणीही मुलगी हे एका दुपारी लिहील. मी ते एका शनिवारी लिहून पाहिलं, तेव्हा त्यातला मूळ भाग तीस ओळींच्या आत बसला. हीच पद्धत पुढे वाढत गेली आणि आज संख्याशास्त्रापासून मशीन लर्निंगपर्यंत सगळीकडे वापरली जाते. तिचा जन्म चकत्यांच्या एका थरासाठी झाला.

1962 मध्ये बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी 870 चकत्या घेऊन दुसऱ्या पद्धतीने हिशेब केला. त्यात चकत्यांची दाटी एका टप्प्याला पोचली की विस्कळीत चकत्यांची अचानक रचना लागते, असं स्पष्ट दिसलं. म्हणजे द्रवाचं घन होणं घडत होतं. गणित म्हणत होतं की काटेकोर रचना टिकत नाही आणि संगणक म्हणत होता की रचना लागते. दोन्ही बरोबर कसं असेल?

रांगोळीतली अर्धी ओळ

उत्तर दोषांमध्ये सापडलं. दोष म्हणजे काय, हे रांगोळीवरून चटकन कळतं.

संक्रांतीच्या दिवसांत आपल्या गल्ल्यांमध्ये दारोदारी मुग्गू असतात, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. एकाआड एक ओळ अर्ध्या ठिपक्याने सरकवून ठिपके मांडले की राणीभोवती सहाचीच रचना तयार होते. समजा, मोठ्या अंगणात डावीकडून ठिपके घालत येणाऱ्या काकूंनी दहा ओळी घातल्या आणि उजवीकडून येणाऱ्या त्यांच्या मुलीने तेवढ्याच उंचीत अकरा ओळी बसवल्या. मध्ये दोघींची गाठ पडेल तेव्हा एक ओळ जास्त होईल आणि ती अंगणाच्या मधोमध कुठेतरी संपेल. ती जिथे संपते तिथे नीट मोजलंत, तर एका ठिपक्याला पाच शेजारी आणि त्याच्याच लगतच्या ठिपक्याला सात शेजारी आढळतील. बाकी सगळ्यांना सहाच. या पाच-सातच्या जोडीला डिस्लोकेशन म्हणतात.

हा दोष मोठा चिवट असतो. एखादा ठिपका पुसून किंवा इकडेतिकडे सरकवून तो जात नाही. लांबून त्याच्याभोवती ठिपके मोजत एक फेरी मारा : जितके ठिपके उजवीकडे गेलात तितकेच डावीकडे, जितके वर तितकेच खाली. निर्दोष रांगोळीत तुम्ही सुरुवातीच्या ठिपक्यावर परत याल. मध्ये हा दोष असेल तर एका ठिपक्याचं अंतर राहून जाईल. दोष दिसत नसला, तरी लांबून मारलेल्या फेरीत तो पकडला जातो. यान बर्गर्स या डच शास्त्रज्ञाने 1939 मध्ये ही ओळखण्याची पद्धत दिली.

मग असा दोष जातो कसा? दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे तो सरकत सरकत रांगोळीच्या कडेला जाऊन बाहेर पडला पाहिजे. दुसरा म्हणजे त्याला त्याचा उलटा जोडीदार भेटला पाहिजे. समोरून आलेली दुसरी अर्धी ओळ पहिल्या अर्ध्या ओळीला येऊन मिळाली की एक अख्खी ओळ होते आणि दोन्ही दोष नाहीसे होतात. आमच्या ऑफिसात डिफेक्ट म्हटलं की एक तिकीट उघडतं, कुणीतरी एक फाइल बदलतो आणि तिकीट बंद होतं. स्फटिकातला दोष असा एका जागी बसून बंद करता येत नाही.

एक हिशेब आणखी. सपाट पृष्ठभागावर शेजाऱ्यांची सरासरी सहाच यावी लागते. त्यामुळे एके ठिकाणी पाच झाले, तर दुसरीकडे कुठेतरी सात व्हावेच लागतात. गोल चेंडूवर हे गणित बदलतं, म्हणून काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवर षट्कोनांबरोबर बरोबर 12 पंचकोन असतात.

दोन लॉगची झुंज

1970च्या सुमारास मायकेल कॉस्टरलिट्झ हे तरुण शास्त्रज्ञ इटलीत तोरिनोला कणभौतिकी करत होते. पुढची नोकरी जिनिव्हाच्या सर्न या प्रयोगशाळेत करायची त्यांची इच्छा होती, पण अर्जाची मुदत हुकली आणि ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गेले. तिथे डेव्हिड थाउलेस भेटले. दोघांनी 1972-73 मध्ये या कोड्याची किल्ली शोधली.

त्यांचा मूळ मुद्दा बारावीच्या गणितात बसतो. एकटा डिस्लोकेशन तयार करायला ऊर्जा लागते, कारण त्याच्यामुळे लांबवरची रचना थोडी ताणली जाते. जितकं अंगण मोठं तितकी ऊर्जा जास्त, पण ती लॉगच्या हिशेबाने वाढते. अंगणाची लांबी दसपट झाली की खर्चात एक ठरावीक भर पडते, आणखी दसपट झाली की पुन्हा तेवढीच. दुसरीकडे, दोष कुठेही बसू शकतो. अंगण मोठं झालं की त्याच्यासाठी जागांचे पर्याय वाढतात. पर्यायांचं मोजमाप म्हणजे एंट्रॉपी, आणि तीही लॉगच्याच हिशेबाने वाढते. तापमान जितकं जास्त, तितकं या एंट्रॉपीचं वजन जास्त.

दोन्ही बाजू एकाच चालीने वाढत असल्यामुळे अंगण किती मोठं आहे याला महत्त्व उरत नाही. निकाल फक्त तापमान लावतं. ठरावीक तापमानाच्या खाली एकटा दोष परवडत नाही. दोष होतात, पण उलट्या जोडीदाराला धरून. अशी जवळजवळची जोडी लांबून कुणाला जाणवतही नाही, कारण दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो. ते तापमान ओलांडलं की जोड्या सुटतात, दोष एकेकटे हिंडायला लागतात आणि रचनेचा घट्टपणा जातो.

म्हणजे वितळताना सगळे कण एकदम आपली जागा सोडत नाहीत. दोष आधीपासून आत असतातच. वितळण्याच्या क्षणी त्यांच्या जोड्या तुटतात. मॉस्कोत वादिम बेरेझिन्स्की यांनीही स्वतंत्रपणे अशाच विचाराची वाट धरली होती. 1980 मध्ये त्यांचं निधन झालं. 2016चं भौतिकशास्त्राचं नोबेल थाउलेस, डंकन हाल्डेन आणि कॉस्टरलिट्झ यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पारितोषिक जाहीर करताना समितीच्या सदस्यांनी गोल पाव, मध्ये एक भोक असलेला बेगल आणि दोन भोकांचा प्रेट्झेल हातात घेऊन भोकांची संख्या पूर्णांकातच बदलते हे समजावलं. हैदराबादेत ते काम इडली आणि मेदूवड्यावर भागलं असतं.

जागा गेली, दिशा राहिली

1978-79 मध्ये बर्ट हॅल्परिन, डेव्हिड नेल्सन आणि पीटर यंग यांनी पुढचं पाऊल टाकलं. डिस्लोकेशनच्या जोड्या सुटल्या की स्फटिक लगेच द्रव होत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. प्रत्येक डिस्लोकेशन म्हणजे मुळात पाच आणि सातची जोडी, आणि ती अजून शाबूत असते. या मधल्या अवस्थेत ओळी लांबवर जुळत नाहीत, पण सहा शेजाऱ्यांच्या दिशा मात्र अजून जुळतात. मर्मिन यांचा तो बारकावा इथे कामाला आला. या अवस्थेला हेक्सॅटिक म्हणतात. तापमान आणखी वाढलं की पाच आणि सात हेही एकमेकांपासून सुटतात, दिशाही जाते आणि मग खरा द्रव होतो. तीन मितींतला बर्फ एका दमात वितळतो, पण एका थरातला स्फटिक दोन पायऱ्या उतरून द्रव होतो.

हेक्सॅटिकबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या मंडळातली घरं आठवली. कुणाचे पणजोबा निजामाच्या काळात नांदेडहून किंवा औरंगाबादहून इथे नोकरीला आले. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, मराठवाडा तिकडे गेला आणि ही घरं इकडेच राहिली. कुणी आमच्यासारखे आयटीच्या लाटेत आले. गावातला वाडा, आळी, शेजारी ही जागांची ओळ कधीच तुटलीय. तरी चतुर्थीला मोदक कसे वळायचे, मोठ्यांना काय म्हणायचं, कुठल्या गोष्टीवर हसायचं ही दिशा अजून जुळते. उपमा फार ताणू नये, कण आणि माणसं वेगळी. पण सगळं राहिलं किंवा सगळं गेलं या दोनच शक्यता नसतात, मध्ये एक टिकाऊ अवस्था असू शकते, हे पदार्थविज्ञानातून कळलं याचं मला अप्रूप वाटतं.

सिद्धांत सुंदर होता, पण खरा आहे का यावर वाद बराच काळ चालला. 1999 मध्ये जर्मनीत कॉन्स्टान्झच्या गेओर्ग मारेट यांच्या गटाने पाण्याच्या लोंबत्या थेंबाच्या तळाशी सूक्ष्म गोळ्यांचा एकच थर जमवला. गोळ्यांचा व्यास काही मायक्रोमीटर होता, म्हणजे केसाच्या जाडीचा छोटासा अंश. त्यांच्यात लोहाचं ऑक्साइड मिसळलेलं होतं, त्यामुळे बाहेरून चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त करून त्यांचं परस्परांना ढकलणं बदलता येत होतं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यांनी प्रत्येक गोळीचा माग काढला आणि दोन पायऱ्यांचं वितळणं दिसलं.

कडक चकत्यांचा, म्हणजे आपल्या सोंगट्यांचा, निकाल आणखी उशिरा लागला. 2011 मध्ये पॅरिसच्या एटिएन बर्नार आणि वेर्नर क्राउट यांनी 10 लाखांहून जास्त चकत्यांवर हिशेब चालवला. चकत्यांमध्ये तापमानाचं काम दाटी करते. टेबलाचा 70 टक्के भाग झाकला जाईपर्यंत द्रव. 70 ते 71.6 टक्क्यांच्या दरम्यान द्रव आणि हेक्सॅटिक शेजारी शेजारी. त्यापुढे नुसता हेक्सॅटिक आणि साधारण 72 टक्क्यांना घन. म्हणजे पायऱ्या दोनच निघाल्या, पण द्रव आणि हेक्सॅटिक यांच्यातली पायरी सिद्धांतात म्हटली होती तशी हळुवार नव्हती. तिथे अचानक उडी होती. 870 चकत्यांत हेक्सॅटिक ओळखता आला नव्हता, कारण इतक्या छोट्या टेबलावर लांबवर काय होतं ते बघायला लांबच उरत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : शंभर नोंदींवर नीट चालणारी गोष्ट दहा लाखांवर वेगळी वागते.

गोपनपल्लीतला प्रश्न

आता आपल्या शहरात येऊ. गचीबोवलीच्या आयटी पट्ट्यापासून काही किलोमीटरवर, गोपनपल्लीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबाद केंद्र आहे. होमी भाभांनी 1945 मध्ये सुरू केलेल्या टीआयएफआरचंच हे केंद्र. तिथले पार्श्व नाथ, स्मरजित कर्माकर आणि सुरजित सेनगुप्ता यांनी युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर 2018 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न लहान मुलाने विचारावा असा होता : घनपदार्थ घट्ट असतो म्हणजे नेमकं काय?

आपण म्हणू, त्याचा आकार बदलायला गेलं तर तो विरोध करतो. पण जरा बारकाईने बघू. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून वरचा भाग हाताने एका बाजूला ढकला, जोड तिरका होतो. स्फटिकाला असं तिरकं केलं की कणांमधले बंध ताणले जातात आणि तो मागे ढकलतो. हा झाला विरोध. मात्र स्फटिकाकडे आणखी एक वाट असते. आतली एक ओळ शेजारच्या ओळीवरून बरोबर एक घर सरकली, तर बाहेरचा आकार तिरकाच राहतो, पण आत प्रत्येक कणाला पुन्हा नेमके सहा शेजारी मिळतात. ताण संपतो, रचना तशीच्या तशी. एकदा ताण संपला की विरोध करायचं कारणच उरत नाही.

म्हणजे पुरेसा वेळ दिला, तर स्फटिक आपली रचना न मोडता ताण सोडून देऊ शकतो. मग घट्टपणा येतो कुठून? त्याचं उत्तर वेळेत आहे. ओळ सरकायला अनेक कणांनी मिळून हालचाल करावी लागते आणि त्या हालचालीच्या वाटेत ऊर्जेचा चढ असतो. हैदराबादच्या गटाने एका थरातल्या कणांची फेरमांडणी मोजणारं एक माप ठरवलं, फेरमांडणीला दंड लावणारं एक कल्पित क्षेत्र हिशेबात आणलं आणि 1953च्या त्या चकत्या सरकवण्याच्या पद्धतीच्या पुढच्या पिढ्या वापरून हा चढ किती उंच आहे ते मोजलं.

त्यांना एक लपलेलं अवस्थांतर सापडलं. स्फटिकाच्या दोन अवस्था आहेत : एक ताठ राहणारी आणि दुसरी फेरमांडणी करून ताण झटकणारी. काहीच ताण नसताना दोन्ही बरोबरीच्या असतात. पण अगदी थोडा ताण दिला, तरी ताठ अवस्था ही तात्पुरती टिकलेली अवस्था होते. कधीकधी फ्रीझरमधल्या बाटलीतलं पाणी शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतं आणि बाटली टेबलावर आपटली की क्षणात बर्फ होतं, त्यातलाच हा प्रकार. ताण कमी असेल तेव्हा चढ इतका उंच असतो की तो ओलांडला जायची वाट बघण्यात कुणाचंही आयुष्य पुरणार नाही, म्हणून आपल्याला वस्तू घट्ट वाटते. ताण वाढवला की चढ कमी होतो आणि एका क्षणी पदार्थ नमतो. तो कधी नमेल हे तुम्ही किती वेगाने ओढता यावरही ठरतं. सावकाश ओढलंत, तर त्याला फेरमांडणीसाठी जास्त वेळ मिळतो आणि तो कमी ताणातच नमतो.

हे वाचल्यावर घरातल्या वस्तूंकडे बघण्याची माझी नजर बदलली. पक्कं आणि वाहतं यांच्यामध्ये आपण भिंत आहे असं समजतो. निदान स्फटिकाच्या बाबतीत तिथे भिंत नसून एक चढ आहे आणि एक घड्याळ.

दोष नसते तर

दोषांबद्दल एक गैरसमज राहू नये म्हणून थोडं आणखी. धातू वाकतो तो दोषांमुळेच. 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की धातूत अख्खी ओळ एकदम सरकत नाही, डिस्लोकेशन पुढे सरकत जातो आणि त्याच्यामागे ओळ एकेक घर हलते. जड सतरंजी एका टोकाला धरून ओढत नेण्यापेक्षा तिला एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे सरकवणं सोपं, तसंच.

पण दोष फार झाले की ते एकमेकांत अडकतात आणि हलू शकत नाहीत. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते ठोके नुसते शोभेचे नसतात. प्रत्येक ठोक्याने तांब्यात नवे डिस्लोकेशन तयार होतात, ते एकमेकांची वाट अडवतात आणि मऊ तांबं कडक होतं. तेच भांडं चांगलं तापवलं की दोष सुटे होऊन नाहीसे होतात आणि तांबं पुन्हा मऊ पडतं. आजीचा हंडा इतकी वर्षं टिकला, त्यात त्याच्यातल्या असंख्य दोषांचाही हातभार आहे.

आपल्या घरांत बारावीनंतर काय, ही चर्चा सुरू झाली की बहुतेकदा संगणक हाच शब्द येतो. मी त्याच वाटेने गेलो आणि मला ती आवडतेही. पण तीस ओळींचा तोच प्रोग्रॅम मुलाखतीच्या तयारीसाठी लिहिता येतो, तसा पदार्थ घट्ट का असतो हे विचारण्यासाठीही लिहिता येतो. दुसऱ्या प्रश्नावर काम करणारी माणसं आपल्याच शहरात, रोजच्या ट्रॅफिकच्या पलीकडे बसलेली आहेत. भौतिकशास्त्र घेऊ पाहणारी मुलगी घरात असेल, तर संगणक की शास्त्र असं तिला निवडायला लावू नका. या विषयात दोन्ही लागतात.

या सुट्टीत करून बघायला एक प्रयोग. सायकलच्या दुकानातून एकाच मापाचे शे-दोनशे छर्रे आणा. सपाट तळाच्या, काठाच्या ताटात ते एका थरात पसरा आणि ताट किंचित तिरकं करून हलक्या हाताने टिचक्या मारा. छर्रे आपणहून सहा-सहाच्या रचनेत बसतील, पण सगळीकडे नाही. कुठे एखादी जागा रिकामी राहील, कुठे दोन वेगळ्या दिशांच्या तुकड्यांमध्ये एक वाकडी रेघ दिसेल. वरून फोटो काढा, मोठा करा आणि त्या रेघेवरच्या छर्ऱ्यांचे शेजारी मोजा. कुणाला पाच असतील, कुणाला सात. मग परत टिचकी मारा आणि तो पाचवाला कुठे गेला ते शोधा. तो कडेला निघून गेला असेल, नाहीतर त्याला त्याचा जोडीदार मिळाला असेल.